उंचावरच्या हरणांची धनुष्य-बाणाची शिकार आणि हातात उरलेल्या पाच रजा

पठारवाट

नमस्कार मंडळी.

एप्रिलमध्ये केलेला अर्ज यंदा फळाला आला आणि कोलोरॅडोतल्या एका उंच डोंगराळ युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागात, नर म्यूल डिअरची (मोठ्या कानांच्या इथल्या हरणाची) धनुष्य-बाणाने शिकार करण्याचा परवाना मला सोडतीत मिळाला. या राज्यात हरणाचा परवाना प्रामुख्याने सोडतीतून मिळतो. त्यासाठी मी तीन वर्षे प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत प्राधान्य देणारे गुण) साठवले होते आणि ते आता शून्यावर आले आहेत, त्यामुळे हा हंगाम नीट विचार करून वापरावा अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण रजांची आहे. कंपनीच्या वर्षाला पंधरा रजांपैकी नऊ जानेवारीत आईवडिलांना भेटायला साताऱ्याला गेलो तेव्हा संपल्या. उरलेल्या सहांपैकी एक १४ सप्टेंबरच्या सोमवारी गणेश चतुर्थीला लागेल, कारण आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसतो आणि तो मीच बसवतो. म्हणजे शिकारीसाठी पाच रजा राहतात.

हंगाम २ ते ३० सप्टेंबर असा आहे. २ तारखेला बुधवार आहे आणि ७ तारखेच्या सोमवारी लेबर डेची सुट्टी आहे. बुधवार ते शुक्रवार तीन रजा टाकल्या, तर सहा दिवस डोंगरात मिळतात. पण हे सहा दिवस हरणे सापडण्याच्या दृष्टीने चांगले आहेत, की मी केवळ सुट्टी जोडून येते म्हणून त्यांच्याकडे ओढला जातो आहे, हे मला ठरवता येत नाही. महिन्याच्या मध्याला किंवा शेवटी गेल्यास काय गमावेन आणि काय मिळवेन? गेल्या वर्षी मी याच भागात मादीच्या परवान्यावर तीन वेगवेगळे शनिवार-रविवार गेलो होतो आणि बाण सोडण्याइतके जवळ एकदाही पोहोचलो नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंदच असल्यामुळे घरातल्या कोणा वडीलधाऱ्याला विचारण्याची सोय नाही. जे शिकायचे ते इथल्या जाणत्यांकडूनच.

धारेवरून

अभिनंदन. मी गेली अकरा वर्षे वृक्षरेषेच्या वर, म्हणजे साधारण साडेतीन हजार मीटरच्या पुढे, धनुष्य घेऊन जातो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: पहिला आठवडा सोडू नका. सुट्टी जोडून येते हा योगायोग आहे, कारण हरणांच्या बाजूनेही तोच आठवडा उत्तम आहे.

उन्हाळाभर नरांच्या शिंगांवर मखमल, म्हणजे मऊ लवदार त्वचा, असते. त्या मखमलीत रक्तवाहिन्या असतात आणि वाढते शिंग नाजूक असते, त्यामुळे शिंगे झाडाझुडपांना लागू नयेत म्हणून नर उघड्या उतारांवर राहणे पसंत करतात. याच काळात ते तीन-चार, कधी सात-आठ जणांच्या टोळक्यांनी फिरतात आणि त्यांचा दिनक्रम बराच ठरलेला असतो. पहाटे डोंगराच्या गवताळ कुशीत, म्हणजे वाटीसारख्या खोलगट भागात, चरायचे, ऊन चढले की कड्याच्या सावलीला किंवा विलोच्या झुडपांत रवंथ करत बसायचे आणि संध्याकाळी परत त्याच कुशीत उतरायचे. ऑगस्टमध्ये जिथे टोळके पाहिले, तिथेच ते २ सप्टेंबरला असण्याची शक्यता मोठी असते.

दिवस लहान होत जातात, तसा त्यांच्या शरीरातला संप्रेरकांचा तोल बदलतो, शिंग टणक होते आणि सप्टेंबरच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत बहुतेक मोठे नर मखमल झाडांवर घासून काढतात. त्यानंतर झुडपांत शिरण्याची भीती उरत नाही. टोळकी विस्कटू लागतात आणि मोठा नर खालच्या गर्द रानाच्या कडेला सरकतो. त्याच सुमारास त्यांचा तांबूस उन्हाळी रंग जाऊन राखाडी केस येतात. हिरव्या उतारावरचा तांबूस ठिपका दुर्बिणीतून दोन किलोमीटरवरूनही दिसतो, पण राखाडी खडकातला राखाडी नर अर्ध्या किलोमीटरवरही निसटतो. महिन्याच्या शेवटी गेलात, तर तोच डोंगर तुम्हाला रिकामा वाटेल.

हरणांच्या माजाचा काळ नोव्हेंबरमध्ये येतो, त्यामुळे सप्टेंबरअखेर थांबल्याने तो फायदाही मिळत नाही. सप्टेंबरमध्ये माजावर येतात ती एल्क नावाची मोठी हरणे, आणि त्यांच्यामागे येणाऱ्या शिकाऱ्यांमुळे रानातली वर्दळ मात्र वाढते.

निळीखिंड

धारेवरून यांचे हरणांविषयीचे म्हणणे मान्य आहे, परंतु माणसांविषयीचे त्यांनी सोडून दिले आहे. लेबर डेचा शनिवार-रविवार म्हणजे डोंगरात वर्षातली मोठी गर्दी. चौदा हजार फुटी शिखरांकडे जाणाऱ्या वाटांवर पहाटे तीनपासून चढणाऱ्यांच्या कपाळावरच्या दिव्यांची रांग असते, कुत्री मोकळी धावतात आणि गाड्या लावायला जागा मिळत नाही. शिवाय काही युनिटांत सप्टेंबरच्या पूर्वार्धातच उंचावरच्या हरणांसाठी बंदुकीचाही मर्यादित हंगाम असतो. तुमच्या युनिटचे पुस्तिकेत पाहून घ्या.

रजांचे माझे गणित असे आहे. ५ तारखेच्या शनिवारी जा आणि १३ तारखेच्या रविवारी परत या. मधला सोमवार सुट्टीचा असल्यामुळे मंगळवार ते शुक्रवार चारच रजा लागतील आणि दिवस नऊ मिळतील. पहिले तीन दिवस गर्दीचे गेले तरी मंगळवारपासून डोंगर शांत होतो. मी दोन वर्षांपूर्वी ९ सप्टेंबरला, मखमल नुकतीच उतरलेला नर त्याच्या ऑगस्टमधल्या जागेपासून जेमतेम चारशे मीटरवर गाठला होता. सगळेच नर एका रात्रीत नाहीसे होत नाहीत.

मात्र महिन्याच्या मध्यानंतर जाऊ नका, हे मीही सांगेन. तेव्हा नऊ दिवस ठासणीच्या बंदुकीचा हंगामही सुरू असतो. त्या दिवसांत धनुर्धारी म्हणून गेलात तरी भडक नारिंगी रंग अंगावर ठेवा, असा माझा आग्रह आहे.

सपाटीवरून

मी डॅलसला राहतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरवरही नाही. बाहेरगावाहून येणाऱ्याचे गणित वेगळे पडते, म्हणून लिहितो. इतरांनाही उपयोगी पडेल.

जाण्यात एक पूर्ण दिवस आणि येण्यात एक पूर्ण दिवस गाडीत जातो. त्यात पहिल्या वर्षी मी रात्रभर गाडी चालवून थेट साडेतीन हजार मीटरवर तंबू लावला आणि पुढचे दोन दिवस डोकेदुखी व मळमळीत काढले. सात रजांपैकी दोन तंबूत पडून गेल्या. आता मी पहिली रात्र अडीच हजार मीटरच्या आसपासच्या गावात काढतो, दुसरी वाटेच्या पायथ्याशी आणि मगच वर चढतो. पठारवाट डेन्व्हरला राहत असल्यामुळे त्यांना तिथल्या सोळाशे मीटरचा आधार आहे, पण तोही पुरेसा समजू नये. आदल्या दोन-तीन शनिवार-रविवारी वर झोपून आलात, तर शरीर तयार राहील आणि टेहळणीही होईल.

ज्यांना सप्टेंबरमध्ये रजा मिळतच नाही, त्यांनी जवळपासची राज्ये पाहावीत. युटामध्ये धनुष्य-बाणाचा हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो आणि नेवाडात बहुतेक ठिकाणी १० ऑगस्टला. तेव्हा मखमल पूर्ण असते, पण दुपारच्या विजांचे दिवसही तेच. वायोमिंगमध्ये परराज्यातल्या शिकाऱ्याला वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या रानात वाटाड्याशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही. कोलोरॅडोत तशी अट नाही, आणि मर्यादित रजांच्या माणसाला ही मोठी सोय आहे.

पठारवाट

सर्वांचे आभार. धारेवरून आणि निळीखिंड यांच्यातला फरक वाचताना मला आणखी एक प्रश्न पडला. माझ्या मनात अजूनही तीन शनिवार-रविवारांना एकेक शुक्रवार आणि मग एखादा सोमवार जोडण्याचा पर्याय आहे. त्यात चार रजांत नऊ-दहा दिवस होतात. सलग जाण्याने नेमके काय मिळते?

कडेकपारी

या प्रश्नासाठीच लिहायला बसलो आहे. रजा मोजताना आपण सगळे एक चूक करतो. बाण सोडण्यापर्यंतचेच दिवस आपण मोजतो आणि बाण सोडल्यानंतरचे हिशेबातच धरत नाही.

आधी बाण सोडण्यापर्यंतचे पाहू. सप्टेंबरच्या आरंभी सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि शिकारीची कायदेशीर वेळ त्याआधी अर्धा तास सुरू होते. तेव्हा तुम्ही दुर्बीण लावून समोरच्या सोंडेवर बसलेले असले पाहिजे. आठ-नऊपर्यंत नर चरतात आणि मग बसतात. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहत असते आणि ऊन तापले की ती वर चढू लागते. या दोहोंमधला तासभर वारा कुठेही फिरतो, आणि त्या तासात जवळ जाणारा हमखास वास देऊन जनावर उधळवतो. म्हणून नर बसला ती जागा खडकांच्या खुणांनी मनात पक्की करायची, वारा वर स्थिर होण्याची वाट पाहायची, लांबचा वळसा घालून धारेवर यायचे आणि वरून, बूट काढून मोज्यांवर, घसाऱ्यातला दगड न हलवता उतरायचे. यात चार-पाच तास सहज जातात. याचा अर्थ एका दिवसात एकच डाव मिळतो, क्वचित संध्याकाळी दुसरा. तो उधळला, तर त्या कुशीला एक-दोन दिवस विसावा द्यावा लागतो. शनिवार-रविवारच्या फेरीत शुक्रवारची रात्र गाडीत जाते, शनिवारची पहाट वाट चढण्यात आणि रविवारची दुपार उतरण्यात. हाती जेमतेम दीड डाव राहतो, आणि पुढच्या शनिवारी जाल तेव्हा हरणे कुठे सरकली हे नव्याने शोधायचे. सलग सहा दिवसांत तुम्ही चौथ्या दिवशी जे जाणता, ते सुट्या सहा दिवसांत कधीच जाणत नाही.

आता बाण सोडल्यानंतरचे. चार वर्षांपूर्वी माझी शेवटची संध्याकाळ होती आणि सकाळी नऊला कामावर हजर राहायचे होते. सूर्यास्तापूर्वी एक नर तीस मीटरवर आला आणि मी बाण सोडला. बाण मागे लागला, पोटात. फुप्फुसांत लागलेला बाण असेल तर अर्धा तास थांबून माग काढता येतो, पण पोटात लागलेल्या जनावराला सहा ते आठ तास शांत पडू द्यावे लागते, नाहीतर ते उठून दूर निघून जाते आणि रक्ताचा माग तुटतो. मला हे पाठ होते. तरीही सकाळच्या धास्तीने मी दीड तासातच विजेरी घेऊन निघालो, ते उठले आणि मी त्याला रात्री दोनपर्यंत शोधत राहिलो. सकाळी वरिष्ठांना दूरध्वनी करून आणखी एक दिवस मागितला, दिवसभर शोधले आणि ते सापडले नाही. ते जनावर माझ्या रजेच्या हिशेबामुळे वाया गेले, असे मी मानतो, आणि त्याचे दुःख अजून आहे.

त्यानंतर मी नियम केला. ज्या दिवसानंतर एक मोकळा दिवस हातात नाही, त्या दिवशी बाण सोडायचा नाही. शेवटची संध्याकाळ फक्त पाहण्यासाठी.

सगळे नीट झाले तरी काम संपत नाही. मोठ्या नराचे हाडावरून सोडवलेले मांस तीस किलोच्या आसपास भरते. त्यावर डोके, शिंगे आणि तुमचा तंबू. खाण्याजोगे मांस मागे टाकणे बेकायदेशीर आहे. वाइल्डरनेसमध्ये चाकाची हातगाडीसुद्धा चालत नाही, त्यामुळे सगळे पाठीवर. एकट्या माणसाला आठ किलोमीटरच्या दोन फेऱ्या म्हणजे एक संपूर्ण दिवस आणि त्याची दुसरी सकाळ. दुपारी ऊन तापते, तेव्हा मांस तातडीने सोलून, सुती पिशव्यांत घालून, उत्तरेकडच्या सावलीत वाऱ्यावर टांगावे लागते. रात्री थंडी पडते आणि ते चांगले गार होते. ही रात्र तुमच्या हाताशी असली पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा, की पाच रजांपैकी तीन शिकारीच्या समजा आणि दोन हरणाच्या.

अनुस्वार

कडेकपारी यांनी लिहिले त्यात मी एक भर घालते. मीही धनुष्यानेच शिकार करते आणि आमच्या घरी श्रावण पाळला जातो, त्यामुळे यंदाच्या तारखांकडे माझेही लक्ष आहे. यंदा अधिक महिना येऊन गेल्यामुळे सण पुढे सरकले आहेत. श्रावणाची अमावास्या ११ सप्टेंबरच्या सुमारास आहे आणि १४ला चतुर्थी. म्हणजे मखमलीचा आठवडा नेमका श्रावणात पडतो आणि निळीखिंड यांचा ५ ते १३चा बेत गणपतीच्या आदल्या रात्री संपतो.

पठारवाट, तुमच्या घरी काय रीत आहे ते तुम्ही जाणता, पण माझ्या अनुभवात यातून मार्ग निघतो. हरणाचे मांस शून्य ते चार अंशांच्या थंडाव्यात काही दिवस मुरले तर नरमच होते, तेव्हा ते लगेच शिजवण्याची घाई नसते. मी ते गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवते आणि विसर्जनानंतरच घरात आणते. सासूबाईंनी त्याला कधी हरकत घेतली नाही. खरा प्रश्न वेळेचा येतो. मांस कापणे, गुंडाळणे आणि त्यावर तारीख घालणे यात स्वयंपाकघरातली एक अख्खी संध्याकाळ जाते. १३ तारखेच्या रात्री मखर सजवायचे, मोदकांचे सारण करायचे आणि त्याच ओट्यावर हरणही आणायचे, हे होणार नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्याकडे माझा कल आहे.

आणखी एक. २ तारखेची पहाट वर हवी असेल, तर मंगळवारी १ तारखेला दुपारीच घर सोडावे लागेल. संध्याकाळी काम संपवून निघालात, तर पायथ्याशी मध्यरात्री पोहोचाल आणि उद्घाटनाची सकाळ वाट चढण्यात जाईल. अर्ध्या दिवसाची रजा मिळते का, ते आताच विचारून ठेवा. वरिष्ठांना सगळ्या तारखा एकदम सांगा आणि राखीव दोन दिवस कशासाठी हवेत तेही स्पष्ट सांगा. मी पहिल्या वर्षी संकोचाने गोष्ट मोघम ठेवली होती आणि ऐनवेळी रजा नाकारली गेली.

निळीखिंड

गणपतीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. यंदापुरता माझा ५ ते १३चा बेत मी मागे घेतो. गर्दीबद्दलचे म्हणणे मात्र कायम आहे, म्हणून एवढे करा: ज्या कुशीत कोणतीही आखीव वाट जात नाही आणि जिच्या माथ्यावर नाव असलेले शिखर नाही, ती निवडा. बुधवार ते शुक्रवार तुम्हाला शांतता मिळेल आणि शनिवारी लोक आले तरी ते वाटेवरून शिखराकडे जातील. उलट त्यांच्या वर्दळीने हरणे शेजारच्या दुर्लक्षित घळींत सरकतात, तिथे तुम्ही आधीच बसलेले असा.

धारेवरून

कडेकपारी यांच्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या पहिल्या उत्तरात मी हरणांच्या दिवसांबद्दल बोललो आणि माग काढण्याच्या दिवसांबद्दल बोललो नाही, ती उणीव त्यांनी भरून काढली.

टेहळणीबद्दल लिहितो, कारण तिला रजा लागत नाही आणि खरे यश तिच्यातच आहे. ऑगस्टचे किमान दोन शनिवार-रविवार द्या. जवळ जाऊ नका, समोरच्या डोंगरावरून एक-दीड किलोमीटर अंतर ठेवून पाहा. नर किती, हे टिपण्यापेक्षा तो किती वाजता बसला, कोणत्या खडकाला पाठ लावून बसला आणि वारा किती वाजता फिरला, हे टिपून ठेवा. दोन कुशी मुख्य आणि एक राखीव अशी निवड करा. दुपारी ढग जमू लागले की धार सोडून खाली उतरा. वृक्षरेषेच्या वर विजेपासून आसरा नसतो. आणि चंद्राची चिंता करू नका. पौर्णिमेला हरणे रात्री चरतात असे म्हणतात, पण मला माझ्या वह्यांत त्यापेक्षा वाऱ्याचाच फरक जास्त दिसला आहे. तसाही पहिल्या आठवड्यात घटता चंद्र आहे, पौर्णिमा २६ला.

सपाटीवरून

सरावाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून एकच सूचना करतो. मैदानावर उभे राहून चाळीस मीटरवर बाण लागतो म्हणून डोंगरात लागेल असे समजू नका. पाठीवर पिशवी घेऊन, गुडघ्यावर बसून, तीव्र उतारावर खाली आणि जिन्याच्या चार फेऱ्यांनंतर धाप लागलेली असताना नेम धरा. ज्या ब्रॉडहेडने, म्हणजे बाणाच्या पातीदार टोकाने, शिकार करणार, त्यानेच सराव करा. त्यातून जे अंतर निघेल, तेवढेच तुमचे. माझे अठ्ठावीस मीटर निघाले आणि गेली तीन वर्षे मी त्यापलीकडे बाण सोडलेला नाही.

पठारवाट

काल वरिष्ठांशी बोललो आणि घरीही बसून तारखा ठरवल्या. सर्वांच्या सल्ल्याने बनलेला बेत लिहितो, कुठे चुकत असेन तर सांगावे.

मंगळवार १ सप्टेंबरला अर्धी रजा, दुपारी एकला निघणे आणि अंधार पडण्यापूर्वी अर्धी वाट चढून वृक्षरेषेखाली मुक्काम. बुधवार, गुरुवार आणि शुक्रवार रजा. शनिवार, रविवार आणि लेबर डे. मंगळवार ८ची एक रजा आणि बुधवार ९ची अर्धी, अशी पाचांची बेरीज होते. बाण सोडायचा तो सोमवारी दुपारपर्यंतच. सोमवारची संध्याकाळ फक्त दुर्बिणीची. मंगळवार माग काढण्यासाठी किंवा ओझे उतरवण्यासाठी आणि बुधवारी सकाळ परतीसाठी. हरीण आधीच मिळाले, तर उरलेल्या रजा परत करून त्या दिवाळीत वापरेन. वरिष्ठांनी एवढेच विचारले की डोंगरात फोन लागतो का. लागत नाही, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र सोबत असेल, हे मी त्यांना आणि पत्नीलाही सांगितले.

फ्रीजर गॅरेजमध्येच राहील. पत्नीने १० तारखेची संध्याकाळ स्वयंपाकघरासाठी मोकळी ठेवायचे कबूल केले आहे, आणि १२ तारखेपासून ओटा तिचा.

कडेकपारी, तुमच्या त्या नराविषयी वाचल्यावर मी माझे अंतरही बदलले. तीस मीटर ठरवले होते, ते आता पंचवीस आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी टेहळणीला निघतो आहे. वारा किती वाजता फिरला, ते रविवारी रात्री इथे लिहीन.